कापडदुकानातील स्टूल-मसनदीची हकीकत

मुलुखास राज्यघटना होऊन कैक वर्षे लोटली, तीमध्ये रयत ही रयत न राहता नागरिक जाहली, हरएक नागरिकास इज्जतीने जगण्याचा हक्क बहाल जाहला, आणि हे वर्तमान दाही दिशांस पोचले, परंतु एका कापडदुकानात पोचावयाचे राहिले. ते कैसे पोचविले, कोणी शर्थ केली, कोणी शेपूट घातले, हे पुसाल तर हकीकत ऐसी जे:

चौरस्त्यावर दुमजली दुकान. तेथील धनी अखंडितलक्ष्मीअलंकृत शेठजी, त्यांची बैठक वरल्या मजल्यावर, मऊ गादीच्या फिरत्या खुर्चीत. त्यांचा दंडक ऐसा की विकणाऱ्या बायांनी सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत बसू नये, गिऱ्हाईक असता बसू नये, आणि नसता तर मुळीच बसू नये, कारण बसलेली बाई पाहोन गिऱ्हाईक बिथरते. मग छताशी कॅमेरे लाविले, आणि शेठजी जेवतानाही मोबाइलात पाहत, की कोणी कोठे टेकले काय. अकरा बायांच्या गुडघ्यांवर एकट्याने चालून जाणारा ऐसा शूर विरळा.

चादरी-पडद्यांच्या काउंटरवर एक बाई होत्या, वय वर्षे सत्तेचाळीस. चादरीची घडी ऐसी घालीत की कडेस कड तंतोतंत, म्हणोन सर्व त्यांस घडीताई म्हणत. एकोणीस वर्षे उभ्या. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगोन वर चढल्या, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितले की दिवसातून चार वेळा बसणे नाही जाहले तर जखमा होतील, मग नोकरी राहील की पाय, ते तुम्हीच पाहा. नोकरी सोडावी तर घरात दुसरे कमावते कोणी नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याच सुमारास सरकारातून कायदा जाहला की दुकानी काम करणारांस बसावयास आसन द्यावे. तपासनीस येणार ऐसी खबर लागताच शेठजींनी एक लाल प्लॅस्टिकचे स्टूल आणविले, अकरा जणींस मिळोन एक. तपासनीसांनी ते डोळे भरोन पाहिले, वहीत 'आसन आहे' ऐसे लिहिले, चहा घेतला, आणि स्वारी कूच जाहली. मग शेठजींनी मोठी मसलत केली. दर्शनी काचेतील एका पुतळीचा पाय मोडला होता, तीस उभे राहवेना, तर तीस गुलाबी झगा घालोन त्या स्टुलावर बसविले. येणेप्रमाणे अवघ्या दुकानात जिच्या अंगी रक्ताचा थेंब नाही, तिच्याच पायांची कदर जाहली.

घडीताईंनी आधी सामोपचार केला. मॅनेजरसाहेब म्हणोन शेठजींचे एक कारभारी होते, ज्यांस कणा नव्हता, मान मात्र उत्तम हलत असे. ट्रायल रूममागे चिकटविलेल्या कायद्याच्या कागदाचा फोटो काढोन ताईंनी तो त्यांपुढे ठेविला. साहेबांनी फर्माविले की कायदा भिंतीवर शोभतो, दुकान गिऱ्हाइकावर चालते. मग ताईंनी दहा जणींकडे कुमक मागितली. दहाही जणींनी 'तुम्ही पुढे व्हा, आम्ही आहोतच' ऐसे वचन दिले, आणि या वचनाचा अर्थ आजवरच्या सर्व लढायांत एकच होत आला आहे.

मंगळवारी दुपारी तीनचा अंमल, दुकानात गिऱ्हाईक औषधालाही नाही, आणि ताईंच्या पोटरीत ऐसी कळ उठली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग ताईंनी पुतळीस कमरेस धरोन उचलिले, पडद्यांच्या ठाणास टेकविले, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करोन स्टुलावर बसल्या. दहा जणींनी तत्काळ घड्या घालण्याचे रण मांडिले. घालावयास काही उरले नाही, तेव्हा घातलेल्या मोडोन पुन्हा घातल्या, परंतु मान म्हणोन वर केली नाही.

अर्ध्या मिनिटात फोन खणाणला. मॅनेजरसाहेब फोन कानास लावोन धापा टाकीत आले.

"शेठ विचारतायत, कोण बसलंय ते."

"त्यांना दिसतंय की. तरी माझं नाव सांगा."

"उठा हो ताई. माझी नोकरी जाईल."

"मग तुम्हीही बसा. दोघांची एकदमच जाऊ दे."

ही तोड साहेबांस उभ्या जन्मात सुचली नव्हती. मग खासा शेठजींची स्वारी जिना उतरोन रणांगणी दाखल जाहली, आणि हुकूम सुटला की या क्षणी उठावे, न उठाल तर उद्यापासून दुकानाची पायरी चढू नये. ताईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबोन धरिले. भय वाटत होते, बहुत वाटत होते, आणि तरीही उठल्या नाहीत.

"तसं लिहून द्या शेठ. 'बसली म्हणून काढलं', एवढंच लिहा. खाली सही तुमची."

शेठजी तोफेस न डगमगते, परंतु सहीचे नाव काढताच मुद्रा पालटली. तितक्यात एक म्हातारी गिऱ्हाईक आत आली. हेच ते बिथरणारे गिऱ्हाईक, ज्याच्या धाकाने एकोणीस वर्षे पाय सुजविले. तिने पाहिले, आणि म्हणाली, "बसा, बसा. पडदे माझे मी बघते." मग टॉवेलवाली हातची घडी टाकोन स्टुलाशी येऊन उभी राहिली आणि बोलली, "ताईंनंतर माझा नंबर." मग दुसरी आली, आणि मग दहाही जणी रांगेत आल्या, कारण फत्ते नजरेच्या टप्प्यात आली म्हणजे शूरांची वाण पडत नाही.

तहाची कलमे ठरली ती ऐसी, की स्टूल एकच राहील, गिऱ्हाईक नसता बसावे, एका वेळी एकीने, दहा मिनिटे, आणि कॅमेरे जागचे हलणार नाहीत. शेठजी वर जाऊन फिरत्या खुर्चीत विसावले. एवढ्या पराभवाने त्यांचे काय गेले, हे दफ्तरात शोधूनही सापडले नाही.

सबब फत्ते कायम नोंदविली, पुढील पिढ्यांनी खोटी मानू नये: स्वतंत्र मुलुखातील एक नागरिक, घडीताई, वय वर्षे सत्तेचाळीस, एकोणीस वर्षांच्या नोकरीत, भर दिवसा, हक्काने, दहा मिनिटे बसल्या.