दादाचा ड्रमसेट नेमका कोणाचा

कोणतीही वस्तू कोणी बनवली हे कळण्याआधीच ती वापरायला घेणं सुसंस्कृत माणसाला शोभत नाही. सामान्य लोक खुर्ची दिसली की बसतात. विचारी माणूस आधी ती उलटी करून पाहतो. (त्या वेळी खुर्चीवर कोणी बसलेलं असल्यास त्यांना सौजन्याने उठवावं.)

याच भक्कम तत्त्वावर ‘जुने जपानी ड्रमसेट निर्माता-निश्चिती मंडळ’ उभं होतं. उभं म्हणजे दातांच्या एका दवाखान्यात, कारण मंडळाचे चिटणीस दातांचे डॉक्टर होते. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून छतापर्यंत ड्रम रचलेले असत आणि सुजलेला गाल धरून आलेले पेशंट त्यांच्या मधून वाट काढत बाकापर्यंत पोचत. डॉक्टरांचा तोंडात घालायचा छोटा आरसा ड्रमच्या आत डोकावायलाही फार सोयीचा पडे. (मधल्या वेळात आरसा धुतला जाई. ड्रमला जंतुसंसर्ग झाल्याची एकही नोंद नाही.)

आता निर्माता शोधायला एवढं मंडळ कशाला, ड्रमवर नाव लिहिलेलं असतं की, असं एखादा अडाणी म्हणेल. तर त्या काळी जपानात मोजके कारखाने ड्रम बनवायचे आणि परदेशी दुकानदार सांगेल त्या नावाचा बिल्ला त्यावर ठोकून मोकळे व्हायचे. एकाच बापाची लेकरं, पण प्रत्येकाचं आडनाव वेगळं. त्यामुळे अख्ख्या ड्रमवर खोटं बोलणारा भाग कोणता, तर ज्यावर नाव आहे तो. मंडळ म्हणूनच सर्वांत आधी बिल्ला काढून फेकून देई.

मंडळाची कामगिरी अशी: तपासलेले सेट दोनशे चौदा. निर्माता कोण ते ठरलं, असे तीन. निर्माता कोण नाही ते ठरलं, असे दोनशे अकरा (हे काम जास्त अवघड असतं). ड्रम वाजवता येणारे सभासद, एकही नाही. एकाला शिट्टी येते. त्या तीन सेटांपैकी पहिल्याचा निर्माता दुसऱ्यावरून ठरला, दुसऱ्याचा तिसऱ्यावरून आणि तिसऱ्याचा पहिल्यावरून, त्यामुळे पुराव्यात कुठूनही फट राहिली नाही.

अशात एक दिवस डॉक्टरांचा थोरला भाऊ, दादा, स्वतःचा सेट घेऊन दवाखान्यात आला. दादाने उभं आयुष्य हॉटेलांतून आणि लग्नांतून ड्रम वाजवले होते. आईवडील गेल्यावर त्याच कमाईवर त्याने धाकट्याला दातांचा डॉक्टर केलं. डॉक्टरांचा भावावर जीव होता, अगदी मनापासून होता, हे इथे स्पष्ट नोंदवलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या जीव असण्यातूनच झालं.

“हे बघ,” दादा म्हणाला, “कानांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्ही कान चाललेत. थंडी संपेपर्यंत ऐकू येईल, पुढे काही खरं नाही. तेवढ्यात मला माझा सेट एकदा पोटभर ऐकायचाय. पण या छोट्या ड्रमची एक पकड तुटलीय. कातडं ताणलंच जात नाही. कुठल्या कंपनीचा आहे तेवढं सांग, तसली पकड आणतो नि बसवतो.”

“दादा, तू काही काळजी करू नकोस,” डॉक्टर म्हणाले. (काळजीला खरी सुरुवात इथून झाली.)

दुसरा कोणी असता तर त्याने कुठलीही जवळपासची पकड ठोकून दिली असती. पण ज्या भावाने आपल्याला डॉक्टर केलं त्याला अंदाजपंचे उत्तर कसं द्यायचं? सेट रीतसर दाखल झाला. नियमानुसार त्याचे सगळे भाग सुटे केले गेले. नियमानुसार, तपास चालू असेपर्यंत वाजवण्यास मनाई झाली, कारण वाजवल्याने ड्रम हलतो आणि हललेला ड्रम हा पुरावा राहत नाही.

मंडळात दोन पंथ होते. अध्यक्ष वासवादी. ते वजनमापं खात्यातून निवृत्त झाले होते आणि ड्रममध्ये खांद्यापर्यंत डोकं घालून लाकडाचा वास घेत. दुसरे स्क्रूवाले काका. त्यांचं म्हणणं, लाकूड खोटं बोलेल, स्क्रू बोलणार नाही. दोघांनी मिळून दादाचा मोठा ड्रम असा काही तपासला की विचारू नका. वरचं चकाकतं आवरण सोलून काढलं. लाकूड जिथे कापलं होतं त्या कडांवरून असं निष्पन्न झालं की कापणारा सुतार डावखुरा होता, उंचीने बेताचा होता, त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती आणि घरून निघताना त्याचं कोणाशी तरी वाजलं होतं. सुताराची एवढी माहिती हाती आली की त्याच्यासाठी मुलगी बघता आली असती. फक्त तो कुठल्या कारखान्यात होता तेवढं कळेना.

थंडी पडली. दादा अधूनमधून फोन करी. आधी “झालं का रे?” असं हळू विचारी. मग जरा जोरात विचारू लागला. मग इतक्या जोरात, की खुर्चीत आ वासून बसलेला पेशंट दचकायचा. शेवटी फोन बंद झाले, कारण पलीकडचं उत्तर त्याला ऐकू येईना. त्याच्याऐवजी वहिनीच आल्या.

“भावोजी, झालं तरी काय एवढं? एक पकड बसवायची होती.”

“वहिनी, घाईत चुकीचा निष्कर्ष निघाला तर?”

“तुमच्याकडे माणूस दाढ धरून येतो, तेव्हा त्याचे आजी-आजोबा कोण हे शोधून मग दाढ काढता का?”

सूचना विचारात घेण्याजोगी आहे, असं डॉक्टर म्हणाले. वहिनींनी कपाळाला हात लावला.

तशी पकड मिळत नव्हती अशातला भाग नाही. स्क्रूवाल्या काकांच्या खणात तंतोतंत तीच पकड पडून होती. त्यांनी ती बसवूनही पाहिली, चपखल बसली, आणि पुन्हा काढून खणात टाकली. “आज बसवली आणि उद्या सेट दुसऱ्याच कारखान्याचा निघाला तर?” काका म्हणाले. “लोक आपल्या तोंडात शेण घालतील.” यावर सर्वांनी मान डोलावली. डॉक्टरांनीही डोलावली. त्यांना त्या रात्री झोप लागली नाही, पण मान मात्र डोलावली.

उन्हं तापायला लागली तेव्हा निर्णय झाला. एकमताने झाला, म्हणजे स्क्रूवाले काका बाहेर चहा प्यायला गेले होते तेव्हा झाला. पकड बसली, सेट जोडला गेला आणि दादाला बोलावण्यात आलं. अध्यक्षांनी कारखान्याचं नाव खणखणीत आवाजात जाहीर केलं. टाळ्या पडल्या. दादाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी हाताने खूण केली, बसा आता.

दादा बसला, आणि मग जो वाजवायला लागला, अहाहा! बाटल्यांतल्या कवळ्या थरथरल्या. बाकावरचा एक पेशंट दुखणं विसरून पायाने ठेका धरू लागला. सभासद मात्र पुढे वाकून, नवी पकड सैल होत नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहत होते.

दादा थांबला. त्याने मोठ्या ड्रमवर तळहात टेकला, थरथर विरेपर्यंत तसाच ठेवला, आणि स्वतःला ऐकू येत नसलेल्या माणसासारखं मोठ्याने विचारलं, “कसा वाजतो रे?”

त्या सेटची डॉक्टरांना माहीत नसलेली एकही गोष्ट उरली नव्हती. त्यांनी खूप आठवून पाहिलं. मग दादाच्या समोर वाकून ते ओरडले, “लाकडाचे सहा थर आहेत, दादा!”

दादा त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. “छान म्हणालास ना?”

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते. अध्यक्षांनी मागून दुरुस्ती केली, थर सातही असू शकतील.

त्या कारखान्याचं नाव या कथेत दिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. नाव वाचायचं राहून गेलं की काय म्हणून मघाशी तुमची नजर काही परिच्छेद वरही जाऊन आली असेल. दादाला आता काहीच ऐकू येत नाही आणि तुम्हाला कारखाना हवाय. मंडळात दोन जागा रिकाम्या आहेत. प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, पण ती तुम्ही आत्ताच पास झालात.