रेजिनाबायची फाइल

मरोळच्या गावठाणात राहणाऱ्या सेबॅस्टियनने फोनवर आलेली फाइल उघडली नाही, इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. सीमेवर विमानं उडत होती, आणि टीव्हीवरचा माणूस अणुबॉम्बचं बटण आपल्याच टेबलाखाली असल्यासारखा ओरडत होता. शत्रूचे हॅकर फाइल पाठवून फोन ताब्यात घेतात, असा इशाराही फिरत होता. सेबॅस्टियनला आलेली फाइल नेमकी पाकिस्तानच्या अनोळखी नंबरवरून आली होती.

ती पुसून तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण देशाच्या उपयोगी पडायची संधी त्याला साठीनंतर पहिल्यांदाच मिळत होती. त्याने तो नंबर गावठाणाच्या ग्रुपवर टाकला. मग काय, कोणी त्या नंबरवर शिव्या पाठवल्या, कोणी तोफांचे व्हिडिओ पाठवले, आणि शेवटी सगळ्यांनी तक्रारी करकरून तो बंद पाडला. त्याच्या बायकोने, ऑलिव्हने, त्या आनंदात कोळंबी केली.

शस्त्रसंधी झाल्यावर दुबईहून फोन आला. सेबॅस्टियनची थोरली बहीण रेजिना लग्न होऊन कराचीला गेली होती, तिचा हा नातू. फाइल आजीनेच नव्या फोनवरून पाठवली होती. सेबॅस्टियनच्या मुलीचं, मेलनीचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून उंबराचं पाणी आणतात, तेव्हाचं गाणं गावठाणात आता कोणालाच येत नव्हतं. ते तिने गाऊन पाठवलं होतं. तिच्या फोनमध्ये तरी ते असेल, असं सेबॅस्टियनला वाटलं. पण इकडचे व्हिडिओ बघून तिकडच्या शेजाऱ्यांनी भारतीय हॅकर फोनमध्ये शिरलेत असं ठरवलं, आणि सगळा फोन पुसून टाकला होता.

सेबॅस्टियनला फार वाईट वाटलं. नातवाने आजीला फोनवर जोडून दिलं.

"बाय, माझं चुकलं गं," तो म्हणाला. "परत एकदा म्हण ना."

रेजिनाबाय बराच वेळ आठवत राहिली. त्या दिवशी चहा ठेवताना ते अचानक आठवलं, म्हणून लगेच भरून पाठवलं, असं तिने सांगितलं. आता काही डोक्यात राहत नाही.

"सेबा, पहिली ओळ तेवढी तू सांग," ती म्हणाली. "पुढचं येईल मला."

सेबॅस्टियनने ऑलिव्हकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. विहिरीवर बायका गायच्या, तेव्हा तो कायम लांब बँडवाल्यांबरोबर गप्पा मारत उभा असायचा.

"बाय, आवाज नीट येत नाही गं," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.