होडीतली हवा आणि पहिली वेलांटी

बालमित्रांनो, एका जंगलात झाडं कमी आणि सरकारी खाती जास्त होती. तिथल्या खाडीत धाकू नावाचा ऊद राहायचा. ऊद म्हणजे पाणमांजर. त्याची एक छोटी शिडाची होडी होती. होडीत एकच खोली, चारी बाजूंनी बंद.

धाकूच्या म्हाताऱ्या आईला दमा होता. तिला पोहवत नसे. दर पंधरवड्याला धाकू तिला होडीतून पलीकडच्या तीरावर वैद्यबुवा कासवांकडे नेई. उघड्यावर बसवली तर उन्हाने भोवळ येई. खोलीत निजवली तर ती धापा टाकू लागे आणि धाकूचा जीव टांगणीला लागे.

उपाय सोपा होता. खोलीला पुढे एक भोक, मागे एक भोक. पुढून वारा आत, मागून बाहेर. पण त्या जंगलात परवानगीशिवाय होडीला भोक पाडणं हा गुन्हा होता, मग ते पाण्याच्या कितीही वर असो. म्हणून धाकूने अर्ज केला.

अर्ज गेला बगळेसाहेबांकडे. साहेब हवेच्या खात्याचे प्रमुख. खात्याचं खरं नाव वायुवीजन. वीजन म्हणजे वारा घालणं. पण पाटी रंगवणाऱ्या माकडाने दुसऱ्या वेलांटीच्या जागी पहिली दिली आणि झालं वायुविजन. विजन म्हणजे जिथे चिटपाखरू नाही अशी जागा. पाटी बदलायला खर्च आला असता. खात्याने अर्थ बदलला.

"हवेला एकांत लागतो," साहेब म्हणाले. "कुणी श्वास घेतला की ती बिघडते. म्हातारीला खोलीबाहेर काढ."

"साहेब, हवा तिच्यासाठीच हवी आहे."

"तू म्हातारीचं बघतोस. मला हवेचं बघावं लागतं."

दुसऱ्या दिवशी खात्याचे दोन खेकडे आले. खोलीच्या दाराला एकच फट होती. 'वायुविजन सुधारले' असा दाखला त्यांनी नेमका तिच्यावर ठोकला.

पुढच्या फेरीला, होडी खाडीच्या मध्यावर येताच धाकूने गिरमिट काढलं आणि दोन भोकं पाडली. पलीकडचा तीर येईपर्यंत आई गाढ झोपली. कित्येक महिन्यांत ती अशी झोपली नव्हती. शिडाची दोरी धरून धाकू रडला.

होडी परतल्यावर साहेब पाहणीला आले. त्यांना भोकं दिसली. गुन्हा किती मोठा आहे ते मोजायला ते खोलीत शिरले आणि संध्याकाळी जांभया देत बाहेर आले. होडी जप्त झाली. पुरावा जातीने सांभाळावा लागतो, म्हणून साहेब रोज जेवल्यावर दोन तास तिच्यात आडवे होतात.

धाकूची आई काठावर बसून धापा टाकते. वैद्यबुवा पलीकडे आहेत.

तात्पर्य : मुलांनो, आईसाठी केलेलं काम कधीच वाया जात नाही. ते साहेबांच्या उपयोगी पडतं.