हळू बोल, घर आयकते

आमच्या गल्लीच्या तोंडाशी श्रावणजींचं किराण्याचं दुकान होतं. त्या दुकानात कधी काही संपलं नाही. माल नसायचा, ही गोष्ट वेगळी.

साखरेची टंचाई होती तेव्हा एक नवा भाडेकरू पिशवी घेऊन आला.

"साखर वाढली," श्रावणजी म्हणाले.

"कितीनं?"

"पूर्ण वाढली."

"तरी पण, भाव काय?"

"भाव काहून विचारून राहिला गा? दाणा नाही दुकानात!"

दिवा वाढवावा, दुकान वाढवावं, फुटलेली बांगडी वाढली म्हणावी, हे आपण सगळेच पाळतो. श्रावणजींनी ते फार लांब नेलं. त्यांचं रॉकेल वाढायचं, चप्पल वाढायची, समोरचा दातसुद्धा पडला नाही, वाढला. दुकानामागेच त्यांच्या दोन खोल्या. तिथं कोणी चुकून 'संपलं' म्हणालं की ते ओठांवर बोट ठेवत. "हळू बोल गा, घर आयकते. माझी माय सांगे, घराले जे आयकवलं तेच ते करते."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. एकदा सुनावलं, "श्रावणजी, विटामातीला कान नसतात. मी शिकलोय."

"तू बी.ए. झाला गा. घर थोडीच झालं!"

आतून अनसूयाकाकू खुदकन हसल्या. मूलबाळ नव्हतं, दोघंच. श्रावणजी दुकानातून आत गेले, अगदी पाणी प्यायला, तरी दारातून हाक द्यायचे, "आलो वं!" आतून यायचं, "या ना."

मग काकू पोटाच्या दुखण्यानं पडल्या. डॉक्टर खाटेपाशीच काही बोलू लागले, तर श्रावणजींनी त्यांचा हात धरून त्यांना थेट रस्त्यापलीकडे नेलं. काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक. परत येऊन म्हणाले, "उतार पडून राहिला म्हणते डॉक्टर."

पंधरा दिवसांत काकू गेल्या. श्रावणजी रडले नाहीत. उलट रडणाऱ्या बायांना पाणी देत, "हळू, हळू," म्हणत फिरले. गल्लीत बोलणं झालं, म्हातारा दगड आहे. मलाही तसंच वाटलं.

पाचव्या दिवशी महापालिकेत नोंद करायची होती. श्रावणजी सहीऐवजी अंगठा उठवायचे, म्हणून फॉर्म भरायला मला बोलावलं. मी त्यांच्या खोलीत बसलो आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "मृताचं नाव..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला जिऱ्याचा वास होता.

"बाहेर चाल."

रस्ता ओलांडून आम्ही सार्वजनिक नळाजवळच्या कडुनिंबाखाली आलो. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं. अंतर पुरेसं वाटलं नसावं, आणखी चार पावलं पुढे गेले.

"आता लिही," ते म्हणाले. "अनसूया मेली. मेली गा बाबू, माझी अनसूया मेली."

आणि तिथंच उकिडवे बसून ते मोठ्यानं रडले. माझ्या हातात पेन होतं. मला एक अक्षर लिहिता आलं नाही.

बऱ्याच वेळानं उठून त्यांनी नळावर तोंड धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"डोळे लाल दिसून राहिले का?"

"नाही," मी म्हणालो. दिसत होते.

ते रस्ता ओलांडून गेले. दाराशी चपला काढल्या, आणि रोजच्याच आवाजात हाक दिली, "आलो वं!"

मग थोडा वेळ उंबऱ्यावरच थांबले, आणि आत गेले.