चंद्रमौलीरावांची सातवी मात्रा

कुंभकोणातले एक जबाबदार गृहस्थ चंद्रमौलीराव यांचं हृदय एका शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, झोपाळ्यावर बसल्या बसल्या एक ठोका चुकलं. तुमचंआमचं चुकलं असतं तर आपण कूस बदलली असती. पण चंद्रमौलीराव नादरसिक सभेचे चिटणीस होते. पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरताना त्यांचा ठोका आजवर चुकला नव्हता. दुसऱ्या कुणाचा चुकला की ते सावकाश मान वळवून त्याच्याकडे बघत. आता मान वळवायची तरी कुठे?

त्यातून नोकरी जन्ममृत्यूच्या कचेरीत. खबर द्यायला येणारा मनुष्य कारण काहीही सांगो, नाग चावला म्हणो, विहिरीत पडला म्हणो, चंद्रमौलीराव सरळ 'हृदयक्रिया बंद' असं लिहून मोकळे होत. वरून कधी हरकत आली नाही, कारण ते कधी खोटं नसे. उभी हयात हेच लिहिण्यात गेलेल्या माणसाला जगात हा एकच रोग आहे असं वाटलं तर त्याचा दोष काय!

"अगे, इकडे ये! थांबलं... आलं... हें बघ, पुन्हा थांबलं!" बाहेर ते अस्खलित तमिळ बोलत, पण घाबरायचं झालं की घरचं मराठीच लागे.

त्यांची बायको भवानीबाई तेव्हा ट्रंकेतून रेशमी लुगडं काढत होती. तिची धाकटी बहीण पंकजा हिच्या मुलीचं लग्न पुढल्या पंधरवड्यात तिरुनीलक्कुडीला होतं. पंकजा बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा ह्या पोरीला भवानीबाईनेच वाढवलं होतं. त्या लग्नाला जायचं, यंदा तिचं एवढंच मागणं होतं. तिने लुगडं तसंच टाकलं आणि डॉक्टरांकडे निरोप धाडला.

डॉक्टर व्यंकटरमण यांनी छातीला नळी लावली, डाव्या कुशीवर निजवलं, जिना चढायला लावला, तंजावरला पाठवून यंत्रावर आलेखही काढवला. मग म्हणाले, "हृदय उत्तम आहे. एखादा ठोका घाईने येतो, मग जरा विसावा, मग पुढचा जोरात लागतो. पुष्कळांना होतं. चक्कर आली, छातीत दुखलं तर लगेच कळवा. एरवी नाडीवर बोट ठेवून बसू नका, रोज फिरायला जा, कॉफी कमी करा."

"रोगाचं नाव?"

"रोगच नाही, तर नाव कुठलं?"

चंद्रमौलीरावांचा चेहरा उतरला. ज्याच्या पणजोबाने तंजावरच्या दरबारात मानाचं पागोटं घेतलं, त्या माणसाला दुखणं व्हावं आणि तेही बिननावाचं! शिवाय कॉफी कमी करा. कॉफीसाठी नावाजलेल्या कुंभकोणात राहून असं सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास तरी कसा ठेवावा?

ते नाव शेजारच्या वादिराजरावांनी दिलं. वादिराजराव सभेचे खजिनदार. तालातलं त्यांना इतकं कळे की गाणं ऐकायला सवड मिळत नसे. त्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले आणि पुटपुटू लागले, "तकिट तकधिमि... तकिट तकधिमि..." मग डोळे उघडून म्हणाले, "अहो, दुखणं कसलं? सहा मात्रा भरल्या आणि सातवी मोकळी. हा तर चक्क मिश्र चापू ताल!"

चंद्रमौलीरावांना भरून आलं. त्या रात्री ते चांगले घोरले.

पण सकाळी सेतुरामराव आले. हे सभेचे उपाध्यक्ष, आणि वादिराजराव पूर्व म्हणाले की पश्चिमेला तोंड करून बसायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी दुसरं मनगट धरलं आणि जाहीर केलं, "सात? छे! पाचवी मोकळी आहे. खंड चापू. जो ह्याला मिश्र म्हणेल त्याने सभेत मागच्या रांगेत बसावं."

प्रकरण असं तत्त्वाचं झाल्यावर नाडीनिरीक्षण उपसमिती नेमण्यावाचून सभेला गत्यंतर उरलं नाही. दररोज संध्याकाळी ओट्यावर बैठक भरू लागली. डाव्या मनगटावर वादिराजराव, उजव्यावर सेतुरामराव, मध्ये रोगी. कामकाजापूर्वी दाट दुधाची कडक कॉफी होई. सर्वांची परिस्थिती समान असावी म्हणून ती रोग्यालाही देण्यात येई. कॉफी झाली की ठोके जास्त चुकत. ठोके जास्त चुकले की काम वाढे, आणि काम वाढलं की मधल्या सुट्टीत आणखी एकेक पेला मागवणं भागच पडे.

निकाल लागेना, म्हणून मृदंगविद्वान सुंदरम यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. त्यांनी दोन्ही मनगटं आळीपाळीने धरली. पुढच्या महिन्यात त्यांना सभेत वाजवायचं होतं, त्यामुळे त्यांना डाव्या हातात मिश्र चापू आणि उजव्या हातात खंड चापू स्वच्छ ऐकू आला.

"म्हणजे दोन हृदयं आहेत का मला?" चंद्रमौलीरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

तेवढ्यात आत इडलीचं पीठ वाटायचा दगडी रगडा सुरू झाला. घर्र घर्र, घर्र घर्र. वादिराजराव ताडकन उठले. "आदिताल! आठ मात्रांचा! नाडी त्याच्यामागे ओढली जाते आहे!" सेतुरामरावांनाही तसंच वाटलं. दोघांचं एकमत झाल्याची सभेच्या इतिहासात दुसरी नोंद नाही. ठराव झाला की रोग्याच्या कानी परका ताल पडू नये, सबब वाटणघाटण मागच्या गोठ्यात व्हावं. रगड्याचा दगडी गुंडा तिथवर कोण नेणार, हा मुद्दा उपसमितीच्या कक्षेबाहेरचा होता.

दुसऱ्या दिवशी मोजणी ऐन रंगात असताना मागल्या दारी काहीतरी धप्पकन पडलं.

"श्श!" वादिराजराव खेकसले. "चौथी मात्रा हुकली. पुन्हा पहिल्यापासून."

थोड्या वेळाने भवानीबाई कॉफी घेऊन आली. जरा लंगडत होती, म्हणून यायला उशीर झाला. सेतुरामरावांनी तसं बोलूनही दाखवलं.

गावात बातमी पसरली आणि समाचाराला माणसं येऊ लागली. रिकाम्या हाताने कुणी आलं नाही, जो तो आपल्या ओळखीतला एकेक मेलेला घेऊन आला. इन्नंबूरचा कुणी मामा असाच झोपाळ्यावर बसला होता म्हणे, झोपाळा हलतच राहिला! हे ऐकून चंद्रमौलीरावांनी झोपाळा सोडला, मग जिना सोडला, मग कचेरी सोडली. कॉफी तेवढी सुटली नाही. ती आणून द्यायला भवानीबाई भिंतीला धरून आतबाहेर करत होती.

लग्न तोंडावर आलं तेव्हा ती पदर खोचून ओट्यावर उभी राहिली. "पोरीला मी भात मऊ करून भरवलें. तिच्या डोईवर अक्षता मज टाकायच्या आहेत. हे आले तर बरं."

विषय चर्चेला घेण्यात आला. "लग्नात तविल वाजणार," वादिराजराव गंभीरपणे म्हणाले. "तविल म्हणजे काय साधा ढोल, बाई? मेलेला उठून बसेल!"

"मग बरंच की! ह्यांना तेंच पाहिजे," भवानीबाई म्हणाली.

"तुम्हांस चेष्टा सुचते. ह्यांच्या जिवाचं काय?"

"मग मी एकटी जातें."

बराच विचार करून सेतुरामराव हळूच म्हणाले, "आणि कॉफी?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं बोट मनगटावर होतं, ओठ मोजत होते. ती आत गेली, लुगडं पुन्हा ट्रंकेत घातलं आणि ट्रंकेवर बसून खूप रडली. बाहेर नीट मोजता यावं म्हणून ते तिने आवाज न करता केलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी चंद्रमौलीरावांनी तिसरा पेला संपवला आणि हृदय सात नाही, पाच नाही, वाटेल तसं धावू लागलं. "ताल सुटला!" दोघांनी एकदमच हंबरडा फोडला. डॉक्टर आले. छाती ऐकली, नाडी पाहिली आणि विचारलं, "दिवसाला किती कॉफी?"

सेतुरामरावांनी रिकामे पेले हळूच पाठीमागे सरकवले. तेवढ्यात भवानीबाई डॉक्टरांसाठीही एक पेला घेऊन उंबऱ्याशी आली. डॉक्टरांनी पेल्याकडे पाहिलंच नाही.

"अम्मा, बसा. तो पाय दाखवा."

लुगड्याचा काठ वर झाला. अंगठा वांग्याएवढा सुजून काळानिळा पडला होता. डॉक्टरांनी नुसता स्पर्श केला तर तिने दात आवळले.

"हाड मोडलं आहे. कधी झालं हे?"

चंद्रमौलीराव उठून उभे राहिले होते. "अगे, तो गुंडा पडला? कधी?"

"तुमची चौथी मात्रा हुकली तेव्हा," भवानीबाई म्हणाली.

वादिराजरावांनी खाली पाहिलं. सेतुरामरावांनी त्यांच्याहून खाली पाहिलं. चंद्रमौलीरावांना लाज वाटली. इतकी वाटली की घाबरायचं राहून गेलं. डॉक्टर बोट बांधत होते तेव्हा त्यांनी तिचा पाय मांडीवर धरून ठेवला, ज्या मांडीवर ते ताल धरत त्याच मांडीवर.

"हिला लग्नाला नेऊ का?" त्यांनी विचारलं.

"खुशाल न्या. पण पाय जमिनीला टेकता कामा नये."

पहाटे खांद्यावर उपरणं नाही, पायात वहाण नाही, असे चंद्रमौलीराव बैलगाडी आणायला धावले. तिरुनीलक्कुडीला गाडी थांबली तशी त्यांनी भवानीबाईला दोन्ही हातांवर उचललं आणि भरल्या मांडवातून थेट बोहल्यापर्यंत नेलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "अय्यो, सोडा, लोक बघतात!" म्हणत भवानीबाई लाजली, पण गळ्यातला हात काही तिने काढला नाही. तविल कडकडत होतं. मागोमाग लग्नाला आलेले वादिराजराव बाजूने धावत विनवत होते, "अहो, एवढं मनगट दाखवा! काय चाललंय बघू!"

"हात मोकळा नाही," चंद्रमौलीराव म्हणाले.

ठोके अजूनही चुकतात. कुठला चुकतो ते मोजायला ते थांबत नाहीत. कॉफी सकाळी एक पेला, तीही स्वतः करून घेतात.

राहता राहिलात तुम्ही, वाचक. मागल्या दारी धप्प झालं ते तुम्हीही ऐकलंत. भवानीबाई तुमच्याही समोरून लंगडत गेली, आणि तुम्ही 'पाच की सात' बघायला पुढे सरकलात. मघापासून मनगटावर ठेवलेलं बोट आता काढा. आत जा, आणि आज तुमची कॉफी कुणी आणून दिली ते आठवत असेल, तर ती कशी चालत होती तेवढं विचारून या.