रेडिएटरमधली हवा

"खालून गरम, वरून गार. म्हणजे काय?" नुरेत्तिनने दिवाणखान्यातल्या रेडिएटरवर तळहात ठेवून विचारलं.

"म्हणजे संध्याकाळी पाहुणे यायचेत," मुकद्देस स्वयंपाकघरातून म्हणाली. "हात लावू नका."

शेवयांच्या गुंडाळ्यांत अक्रोड भरता भरता तिची कंबर धरली होती. आज लेकीला, शेयदाला, मागणी घालायला आल्पेरच्या घरचे येणार होते. बाहेर उणे वीस. एर्झुरुमच्या मानाने त्यात विशेष काही नव्हतं. पण नुरेत्तिन निवृत्त झाल्यापासून घरातली थंडी ही मुकद्देसची काळजी राहिली नव्हती, त्याचा अभ्यासविषय झाली होती.

"म्हणजे वर हवा अडकलीय!" त्याचा भूगोल शिकवतानाचा आवाज लागला. "पाणी बॉयलरमध्ये तापतं, नळ्यांतून खोल्याखोल्यांत जातं, ऊब वाटत गार होतं आणि परत येतं. नदीसारखं."

"नदी परत कधी आली हो?"

यावर नुरेत्तिनने खिशातून रेडिएटरची हवा सोडायची किल्ली काढली.

फुस्स करून हवा निघाली, मागोमाग काळं पाणी गालिच्यावर उडालं आणि रेडिएटर वरपर्यंत तापला. खरंच तापला. मुकद्देसला तीच धास्ती होती. एक जमला म्हटल्यावर तो उरलेल्या सहाही रेडिएटरांची हवा काढत सुटला. सातवा झाला आणि बॉयलर बंद पडला.

"साहजिक आहे," नुरेत्तिन म्हणाला. "हवा आणि पाणी गेलं, दाब उतरला. आता नळ उघडून पाणी भरायचं."

"मग भरा आणि बंद करा."

त्याने बाल्कनीतल्या बॉयलरचा नळ उघडला. मग सगळीकडे पाणी पोचतंय का, हे बघायला तो रेडिएटरांना कान लावत घरभर फिरला. चौथ्या रेडिएटरशी असताना बाल्कनीतून शेयदा ओरडली, "बाबा, काटा लालवर गेलाय!"

तेवढ्यात बॉयलरखालच्या नळीतून पाण्याची धार सुटली. नुरेत्तिन धावला. नळ बंद केला, घाईत दुसराच वाल्व पूर्ण उघडला आणि काटा थेट शून्यावर आला. बाल्कनीची फरशी बघता बघता गोठली. वाल्व कसाबसा फिरवून परत येताना तो त्या बर्फावर सपशेल आपटला.

"लागलं का?" मुकद्देसने विचारलं. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"नाही. पण आता सगळीकडे पुन्हा हवा शिरली असणार."

दाराची घंटा वाजली.

पाहुणे आत आले, बसले. कोट कुणीच काढला नाही. आल्पेरचे वडील रासिमबे घसा खाकरून मागणीचे शब्द जुळवू लागले. तोंडातून वाफ निघाली. ते थांबले आणि त्यांनी रेडिएटरकडे पाहिलं.

"माफ करा," मुकद्देस ओशाळून म्हणाली. जमीन दुभंगावी असं तिला वाटत होतं. "आज जरा..."

"हवा?" रासिमबेंनी विचारलं.

"हवा," नुरेत्तिन म्हणाला.

"दाब किती?"

"शून्य."

रासिमबे उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "किल्ली आहे ना?"

दोघे बाल्कनीत गेले ते गेलेच. तिथून "सोडा!", "थांबा!", "अहो, तो नव्हे!" असं ऐकू येत राहिलं. घरात ओव्हनची तेवढी ऊब होती, म्हणून उरलेली मंडळी स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसली.

आल्पेरची आई हाजेर चहाच्या पेल्यावर हात शेकत होती. "आमच्याकडे मागच्या महिन्यात नऊ दिवस," ती हळूच म्हणाली. "स्वतः दुरुस्त करत होते."

मुकद्देसने तिच्याकडे पाहिलं. सख्खी बहीण भेटल्यासारखं वाटलं तिला. मग तिची नजर आल्पेरवर गेली. तो शेयदाशेजारी अवघडून उभा होता.

"बाळ, एक विचारते, खरं सांग. बॉयलर बिघडला तर तू काय करशील?"

आल्पेर कानापर्यंत लाल झाला. त्याने बाल्कनीच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मी मिस्त्रीला फोन करेन."

"लहानपणापासून असाच आहे," हाजेर म्हणाली. "वडिलांनी शिकवायला जंग जंग पछाडलं."

मुकद्देसने अक्रोडाच्या गुंडाळ्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"मुलगी दिली," ती म्हणाली.

"पण काकू, बाबांनी अजून मागितलीच नाही."

"त्यांना वाल्व सापडला की मागतील. तू खा."