रसदेचा टांगा

अजमेरकडची गाडी नेहमीसारखी तासभर उशिरा आली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या सकाळी ती अगदी घड्याळाच्या काट्यावर जयपूर स्टेशनात शिरली आणि तिच्यातून आनंदराव मेहेंदळे उतरले. इंदूरच्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. डोक्यावर पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि मिशा अशा की हमालानं आधी सलाम ठोकला आणि मग सामान उचललं.

विमा कचेरीतले अधिकारी उमाकांत दाबके हार घेऊन पुढे झाले. सांगलीहून बदली होऊन त्यांना जयपुरात दोन वर्षं झाली होती, पण एवढी धाकधूक वरिष्ठांच्या तपासणीच्या वेळीसुद्धा झाली नव्हती. मेहेंदळ्यांच्या मुलानं उमाकांतांच्या मुलीला, अलकाला, पाहून पसंत केलं होतं. पत्रिकाही जुळली होती. आता आनंदरावांना घर पाहायचं होतं. पत्रात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, 'माणसं शांत आणि शिस्तीची हवीत. आम्हांला गाजावाजा खपत नाही.'

म्हणून उमाकांतांनी हारसुद्धा बेताचाच आणला होता.

बाहेर एकच टांगा उभा होता. टांगेवाला बन्ने खाँ साठीचा, काटकुळा, पण कण्यानं ताठ. रोजच्या कळकट सदऱ्याऐवजी आज त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा खाकी कोट होता. एरवी उमाकांतांनी दोनदा निरखून पाहिलं असतं. आज त्यांची नजर होणाऱ्या व्याह्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून हलत नव्हती.

"चौडा रस्ता चलो. एम. आय. रोडसे."

"उधर सड़क खुदी पड़ी है, बाबूजी. चाँदपोल से ले चलता हूँ."

उमाकांत पुढे बन्ने खाँशेजारी बसले. आनंदराव मानानं मागच्या बैठकीवर, म्हणजे टांग्याच्या रीतीप्रमाणे, रस्त्याकडे तोंड आणि घोडीकडे पाठ करून. मांडीवर इंदूरहून आणलेली लाडवांची करंडी.

चाँदपोल दरवाज्यातून टांगा आत शिरला. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. गच्च्यांवर बायका, दुकानांवर झेंडे. आणि मग त्यांना सकाळचं वर्तमानपत्र आठवलं. पहिल्या महायुद्धात परमुलखात लढलेल्या इथल्या घोडेस्वारांच्या स्मरणार्थ आज शहरातून लष्कराचं संचलन निघणार होतं. लढाईला चाळीस वर्षं झाली होती.

"टांगा वापस घुमाव!"

"अभी घुमाता हूँ," बन्ने खाँ म्हणाला.

तेवढ्यात बिगूल वाजला. भालेवाल्या स्वारांची एक तुकडी दिमाखात समोरून गेली. तिच्यामागे थोडी जागा मोकळी होती. चमेली घोडीनं कान टवकारले, मान उंचावली आणि त्या मोकळ्या जागेत ती टांग्यासकट जाऊन उभी राहिली. पाठीमागून दुसरी तुकडी येऊन भिडली. बँड सुरू झाला.

"अरे, ये क्या किया?"

"मैंने कहाँ किया, बाबूजी! चमेली फौज की घोड़ी है. बिगुल सुन ले, फिर बाप की भी नहीं सुनती."

मागून आनंदरावांचा आवाज आला. "दाबके, माझ्याकडे वीस-पंचवीस भाले चालून येताहेत."

"ते आपल्याच बाजूचे आहेत, आनंदराव!"

"ते कळलं. पण पहिला घोडा करंडी हुंगतोय."

छोटी चौपड नावाच्या चौकात एक पोलीस हवालदार काठी उगारून धावत आला. उमाकांतांनी हात जोडण्याची तयारी केली. पण हवालदाराची नजर आनंदरावांच्या मिशांवर पडली. त्यानं काठी काखेत मारली, टाचा जुळवल्या आणि असा सॅल्यूट ठोकला की आनंदरावांचा हात आपोआप पगडीपाशी गेला. ते पाहून गर्दीनं टाळ्या वाजवल्या. वरून कुणीतरी झेंडूच्या पाकळ्या टाकल्या.

"हे रोजचंच आहे का इथं?" आनंदरावांनी विचारलं.

 डाव्या हाताला त्रिपोलिया दरवाजा आला, उजवीकडे चौडा रस्ता आला. आपल्या घराची गच्ची दिसली. गच्चीत त्यांची पत्नी रत्नप्रभाबाई आणि अलका संचलन पाहत उभ्या होत्या. आधी अलकानं टाळ्या वाजवल्या, मग तिचे हात हवेतच थांबले. "आई, अगं ते बाबा आहेत!" हे शब्द बँडच्या आवाजातही उमाकांतांना ऐकू आले.

"हमारा घर पीछे रह गया ना!" ते कळवळून म्हणाले.

"चमेली से कहिए, बाबूजी."

बडी चौपडवर मंच उभारला होता. मंचावर लष्करी अधिकारी, पदकं लावलेले म्हातारे सैनिक आणि मधोमध काठी टेकून उभे असलेले एक वृद्ध कर्नलसाहेब. ध्वनिक्षेपकावर एक गृहस्थ कागद बघून प्रत्येक तुकडीचा पराक्रम सांगत होते. टांगा समोर आला तेव्हा ते अडखळले. कागद उलटा करून पाहिला. मागे एक ओळही नव्हती. पण गडी हजरजबाबी होता.

"और अब आपके सामने... जान की बाज़ी लगाकर मोर्चे पर रसद पहुँचाने वाले वीर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"रसद म्हणजे कोण?" आनंदरावांनी विचारलं.

"आपण," उमाकांत क्षीण आवाजात म्हणाले.

आनंदरावांनी क्षणभर विचार केला आणि लाडवांची करंडी दोन्ही हातांनी उंच धरली. लोक वेडे झाले.

मग बँड थांबला. हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळायची होती. एवढी गजबजलेली चौपड, पण घोड्यांच्या लगामांची किणकिण तेवढी ऐकू येत होती. उमाकांतांनी हळूच शेजारी पाहिलं. बन्ने खाँ पायपट्टीवर उभा राहिला होता. डाव्या हातात लगाम घट्ट आवळलेला, उजवा हात कपाळाशी. कोटाची बाजू सरकून आतलं काळपट पडलेलं एक पदक दिसत होतं. त्याच्या पापण्यासुद्धा लवत नव्हत्या. मंचावरच्या कर्नलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, काठी डाव्या हातात घेतली आणि सावकाश सॅल्यूट परत केला.

संचलन पांगल्यावर टांगा मागे वळून घरी पोचला तेव्हा आनंदरावांच्या गळ्यात सात हार होते. एक शब्द न बोलता ते जिना चढून गेले. रत्नप्रभाबाई चहाच्या तयारीला लागल्या. झालं, सोयरीक मोडली, या हिशेबानं उमाकांत सगळा राग काढायला खाली थांबले.

"चमेली कौनसे पलटण में थी?" त्यांनी दरडावून विचारलं.

बन्ने खाँनं मान खाली घातली. "कैसी पलटन, बाबूजी! पिछले साल सांगानेर के एक कुम्हार से ली है. बैंड सुनते ही भागती है ये." त्यानं तळहात पुढे केले. लगामानं दोन्ही सोलून निघाले होते. "परेड में नाम लिखवाने दो बार फौजी दफ़्तर गया था. बोले, काग़ज़ लाओ. काग़ज़ दीमक खा गई. मेरे गाँव के ग्यारह जवान गए थे, तीन लौटे. अब मैं ही बचा हूँ. हाज़िरी तो देनी थी."

"और वो सड़क, खोदी हुई?"

"बिलकुल ठीक है, बाबूजी. मक्खन जैसी."

 उमाकांतांनी खिशातला धुतलेला रुमाल काढला, मधोमध टरकन फाडला आणि म्हाताऱ्याच्या एकेका हाताला बांधू लागले.

तेवढ्यात वरच्या सज्ज्यातून आनंदराव डोकावले. हार अजून गळ्यातच होते.

"दाबके! छत्तीस वर्षं शाळेत शिस्त शिकवली, पण टाळी म्हणून कुणी वाजवली नाही हो. मुलगी पसंत, घर पसंत. मार्गशीर्षातला मुहूर्त धरा. मानपान काही नको. एकच अट आहे. वरात या फौजी घोडीच्या टांग्यातूनच निघाली पाहिजे. आणि बँड चांगला दणदणीत सांगा!"

उमाकांतांनी वर पाहिलं, मग चमेलीकडे पाहिलं. ती निष्पापपणे झेंडूचा हार चघळत होती.

"सांगतो, सांगतो!" ते वर बघून हसले. मग रुमालाची गाठ नीट आवळत हलक्या आवाजात म्हणाले, "खाँसाहेब, हाथ को रोज तेल लगाना. मार्गशीर्ष को दो महिनाच बाकी है."